चुकीच्या मापाची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मूठ आहे. छत्रीची नव्हे आणि सुरीचीही नव्हे. मी नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ आहे, आणि ते पिस्तूल आता माझ्याजवळ नाही. घाबरू नका. ते हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल होते. कागदाला भोक पाडण्यापलीकडे त्याने आयुष्यात कुणाचे काही वाकडे केले नाही. वाकडे झाले ते एका हाताचे. त्या हाताची गोष्ट मी सांगणार आहे. ती आनंदाची नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही मला बोल लावणार नाही.

मी अक्रोडाच्या लाकडाची. एका कारखान्यात यंत्राने माझा ठोकळा कापला, बोटांसाठी उथळ खाचा पाडल्या, तळहाताखाली एक सरकता टेकू बसवला आणि घामाने हात घसरू नये म्हणून अंगावर बारीक खवले कोरले. माझ्या पोटाला एक कागद चिकटवला होता. त्यावर लिहिले होते, उजवा हात, मध्यम माप. मध्यम माप म्हणजे खरे तर कुणाचेच माप नव्हे. नेमबाज मला विकत घेतो, आणि मग कानस, पॉलिश पेपर आणि सुतार फटी बुजवायला वापरतात ती लांबी घेऊन मला आपल्या हातापुरती करून घेतो. टोचेल तिथे घासायचे, पोकळ राहील तिथे भरायचे. आम्हा मुठींवर शेवटचा हात नेहमी मालकाचाच फिरतो. त्यामुळे पेटीत पडल्या पडल्या माझ्या मनाला एकच घोर लागलेला असे, की आपल्या नशिबी कोणता हात येतो.

माझ्या नशिबी कापड कापणाऱ्या एका बाईचा हात आला.

ती एका शिवणकारखान्यात होती. उंच टेबलापाशी उभी राहून ती कोटांचे कापड आणि अस्तर कापत असे. तिची कात्री चांगली वजनदार होती, आणि थरावर थर रचलेले कापड ती कात्री एका दमात तोडत जाई. नेमबाजीच्या रेंजवर सगळे तिला कटरबाई म्हणत. आमची रेंज एका पोहण्याच्या तलावाखालच्या तळघरात होती. छतातून जाणाऱ्या पाइपांना कायम घाम फुटलेला असे आणि कोपऱ्यातल्या बादलीत टपटप पाणी पडत राही. तिथे टार्गेटांच्या मागे जाड पडदा लावायचा होता, त्याचे माप घ्यायला ती पहिल्यांदा आली. कुणीतरी गंमत म्हणून क्लबाचे पिस्तूल तिच्या हातात दिले. तिने उडवलेला छर्रा काळ्या गोलाच्या अगदी मधोमध गेला. "तुक्का लागला," असे म्हणून लोक हसले. दुसरा छर्रा पहिल्याला चिकटून गेला, तेव्हा हसणे थांबले. त्या गडबडीत ती आपली मापाची टेप तिथेच विसरली. ती टेप न्यायला म्हणून आलेली बाई पुढे बरीच वर्षे येत राहिली.

तिने स्वतःचे पिस्तूल घेतले आणि त्याच्याबरोबर मी तिच्या घरी गेले. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आईने पेटी उघडून आत डोकावले.

"पिस्तूल? आता काय, डास मारणारेस का याने?"

"आई, खेळ आहे गं तो."

"खेळ! या वयात लोक नातवंडं खेळवतात आणि तू छर्रे."

"माझं वय एवढं झालं का गं? मग तुझं किती?"

आई पुटपुटत निघून गेली. पण कपाटातला चादरींचा कप्पा मला ठेवायला तिनेच रिकामा करून दिला.

आता त्या हाताविषयी नीट सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. कात्री चालवताना सगळी बोटे एकदम मिटतात. एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने बाकीची बोटे, आणि मध्ये कापड. पिस्तुलाचे याच्या उलट असते. चाप ओढणारे पहिले बोट तेवढे हलायला हवे आणि बाकीच्या हाताने गाढ झोपून राहायला हवे. कटरबाईंच्या हाताला झोपणे ठाऊक नव्हते. पहिले बोट हलले की मागची तिन्ही बोटे त्याच्या मदतीला धावत आणि मला आवळत. त्या आवळण्याने पिस्तुलाची नळी खाली डावीकडे झुके आणि छर्राही तिकडेच जाई. हे इतके थोडे असे, की शेजारी उभे असलेल्याला दिसू नये. मला मात्र कळे, कारण आवळली जात होते ती मीच.

तिलाही कागदावरची भोके दिसत होती. छर्रे खाली डावीकडे जातात, तर नेम धरायच्या खाचेचे स्क्रू फिरवून ती खाच वर उजवीकडे घ्यावी, असे तिने केले. छर्रे मध्यभागी आले. मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती कानस घेऊन बसली. आवळताना तिची करंगळी जिथे रुतत होती, तिथे तिने खोलगट केले. आवळल्यावर तळहात आणि लाकूड यांच्यात जिथे फट पडत होती, तिथे लांबी भरली.

"अगं, पिठात भुसा पडतोय सगळा!" आई ओरडली.

"झालंच, आई. एवढं हे घासलं की झालं."

ते घासणे पुढे किती रविवार चालले कोण जाणे. शेवटी मी अशी झाले, की तिने मला धरले की कुठे केसभर फट राहत नसे. रेंजवरच्या लोकांनी मला हातात घेऊन पाहिले. कुणाच्याही हातात मी नीट बसेना, तेव्हा ते म्हणाले, "काय काम केलंय! हातमोजाच शिवलाय जणू." खोटे कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. क्लबाच्या स्पर्धा ती जिंकू लागली. जिन्याजवळच्या भिंतीवर तिचा फोटो लागला. त्यात तिचा चेहरा थोडा हललेला आहे, पण मी स्वच्छ दिसते.

मित्रांनो, ते दिवस सुखाचे होते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली होती. रोजच्या सरावात ती मला रोज सारखीच आवळत असे, म्हणून फिरवलेले स्क्रू बरोबर ठरत. मोठ्या स्पर्धेत मात्र तिची छाती धडधडू लागे आणि बोटे नेहमीपेक्षा जोरात मिटत. मग छर्रा दहाच्या जागी सातात, तोही खाली डावीकडे. संघनिवडीच्या स्पर्धेत असेच झाले. पुढच्या वर्षीही तसेच झाले. लोक म्हणाले, कटरबाई कच खाते. तिने स्क्रू आणखी थोडे फिरवून ठेवले.

त्या सुमारास रेंजवर नवे प्रशिक्षक आले. एके काळी ते नामांकित नेमबाज होते. पुढे डोळे अधू झाले आणि ते शिकवण्याकडे वळले. त्यांच्या तोंडी सदानकदा एकच शब्द असे, म्हणून सगळे त्यांना सावकाश सर म्हणत. तळघराच्या जिन्यावर एकदा त्यांचा पाय घसरला, तेव्हाही ते घसरता घसरता "सावकाश, सावकाश" असेच म्हणाले, असे सांगतात. त्यांनी पहिल्याच दिवशी कटरबाईंचे पिस्तूल मागून घेतले आणि मला हातात धरले. त्यांचा अंगठा माझ्या सगळ्या अंगावरून फिरला.

"हे कुणी भरलंय?"

"मीच, सर. अगदी हातमोजा झालाय."

"हाताला नाही बसत ही. तुझ्या चुकीला बसते."

तिचा चेहरा लाल झाला. "मग आजवर जिंकले ते काय तुक्क्याने?"

"जिंकलीस ती डोळ्यांनी आणि पायांनी. उभी मस्त राहतेस. हात मात्र दर वेळी तुला थोडं थोडं बुडवतोय, आणि तू स्क्रू फिरवून त्याच्यावर पांघरूण घालतेस."

बराच वेळ ती छर्र्यांच्या डबीचे झाकण लावत आणि काढत राहिली. मग म्हणाली, "सर, पुढच्या निवडीनंतर माझं वय बसणार नाही. ही शेवटची. सुटेल का ही सवय?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "बघू या."

त्या निवडीवर काय अवलंबून होते तेही तुम्हाला सांगायला हवे. निवड झालेले खेळाडू वर्षभर प्रशिक्षण केंद्रात राहत. सकाळ-संध्याकाळ फक्त नेमबाजी. तिथे कात्रीचे नावसुद्धा नाही. कात्री सुटली असती तर हात सुधारला असता. पण कात्री सुटायला निवड व्हायला हवी, आणि निवड व्हायला हात सुधारायला हवा. या कोड्यातून बाहेर पडायची वाट ना तिला दिसत होती ना सरांना.

सरांनी स्क्रू पूर्वीच्या जागी आणले. मग एक पातळ पोलादी पत्री घेऊन त्यांनी माझ्या अंगावरची लांबी खरवडून काढली. कटरबाई दुसरीकडे बघत उभी होती. मलाही वाईट वाटले. मी तिच्या हातात पुन्हा सैल झाले. छर्रे कुठेही जाऊ लागले आणि नवशिकी पोरेसुद्धा तिच्यापेक्षा जास्त गुण घेऊ लागली.

"कारखान्यातून अस्तराची एक पट्टी आण," सर म्हणाले. "चांगली गुळगुळीत."

ती पट्टी सर माझ्या आणि तिच्या मागच्या तीन बोटांच्या मध्ये ठेवत. पट्टीचे टोक धरून ते तिच्या शेजारी उभे राहत आणि तिने चाप ओढला की त्याच क्षणी ते टोक हलकेच खेचत. हात झोपलेला असेल तर पट्टी सुळकन निघून यावी. बोटे आवळली तर ती अडकावी. इतकी साधी परीक्षा, पण तिने कटरबाईंना अगदी रडकुंडीला आणले.

"अडकली," सर म्हणायचे. "परत."

"सर, मी आवळतच नाहीये!"

"मला नको सांगू, चिंधीला सांग. परत. सावकाश."

एका संध्याकाळी पट्टी निघाली. मी या वेळी आवळली गेलेच नाही. आजवर असे कधी झाले नव्हते. तिने मान वळवली.

"निघाली?"

"निघाली. मागे काय बघतेस? पुढचा घे."

पुढच्यालाही निघाली. त्या रात्री पेटी घरी नेताना ती गाणे गुणगुणत होती. आईने विचारले, "बक्षीस मिळालं का?" ती म्हणाली, "चिंधी मिळाली." आईला काही कळले नाही, पण तीही हसली.

मित्रांनो, माझ्या आठवणीतली ती शेवटची चांगली संध्याकाळ. संध्याकाळी रेंजवर जे शिकायचे ते दुसऱ्या दिवशी कारखान्यात पुसून जाई. हाताला काय कळणार, की हे पोटासाठी आणि ते हौसेसाठी? तो दिवसभर मिटायला शिके आणि शिकलेले इमानाने घेऊन येई. तिने डाव्या हाताने कापून पाहिले. कोटाचे खांदे वाकडे कापले गेले. मालकीण धावत आली.

"हात दुखतोय का तुझा? मग तसं सांग ना! माझं कापड का फुकट घालवतेस?"

"ताई, थोडे दिवस दुसरं काम द्याल का? बटणं लावते, इस्त्री करते, काहीही करते."

"आणि कापणार कोण? तुझ्याइतकं सरळ कापणारं एक माणूस दाखव मला, आत्ता बदलते."

मालकीण काही वाईट नव्हती. ती खरेच बोलत होती. कटरबाई जन्मभर ज्या कौतुकावर जगली, तेच आता तिच्या गळ्याशी आले. त्यातच थंडीच्या कोटांची मोठी ऑर्डर आली आणि कात्री अंधार पडेपर्यंत चालू लागली. ती रेंजवर यायची तेव्हा तिची बोटे आखडलेली असत. पट्टी पुन्हा अडकू लागली. सर "सावकाश" म्हणत, पण त्या शब्दात आता पूर्वीचा जोर नव्हता.

निवडीच्या आधीच्या रविवारी तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतले. लांबीचा डबा उघडल्याचा वास मला आला.

"परत भुसा?" आईने विचारले.

"एवढ्या स्पर्धेपुरतं गं, आई. नंतर सगळं खरवडून टाकते."

तिने जुन्या जागा अचूक भरल्या. हाताला त्या पाठ होत्या. लांबी वाळल्यावर तिने मला धरले, डोळे मिटले, आणि इतके दिवस ताठलेले तिचे खांदे खाली आले. मीही तिच्या हातात पूर्वीसारखी बसले. मला ते किती आवडले, आणि आवडले याचे किती वाईट वाटले, ते कसे सांगू? मग तिने स्क्रू फिरवले.

स्पर्धेच्या दिवशी सरांना ते दिसले. ताजी लांबी लाकडापेक्षा फिकट असते, ती लपत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून नेहमीचा शब्द म्हटला. रागावले असते तर तिला बरे वाटले असते.

सुरुवात फार सुंदर झाली. छर्रे एकामागून एक मधोमध जात होते. लोक तिच्या मागे येऊन उभे राहू लागले. अर्ध्याहून जास्त स्पर्धा संपली तेव्हा ती निवडीच्या जागेत होती, आणि ते तिला कळले. कळायला नको होते. तिची नाडी मला तळहातातून ऐकू येऊ लागली. पहिले बोट हलले आणि बाकीची बोटे मदतीला धावली. सात. तिने पिस्तूल खाली ठेवले, हात झटकला, पाणी प्यायली. पुन्हा उचलले. आठ, खाली डावीकडे. मी लाकूड नसते तर मध्ये पडले असते, त्या बोटांना धरून ठेवले असते. पुन्हा सात. मागे जमलेले लोक हळूहळू पांगले. शेवटचा छर्रा जाईपर्यंत तिच्या मागे एकटे सर उभे होते.

घरी आईने दार उघडले. तिने लेकीचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा होता, दगडासारखा.

"किती कडक झालाय गं हा," आई म्हणाली आणि तिथे तेल चोळत बसली. कटरबाई खूप रडली. आई चोळतच राहिली.

त्यानंतर पेटी चादरींच्या कप्प्यातून बाहेर निघाली नाही. मग एक दिवस तिने पिस्तूल क्लबाला देऊन टाकले. तिथे त्याला नवी मूठ लावली आणि मला परत पाठवले. "ही कुणाच्याच हातात बसत नाही," एवढाच निरोप होता. तिने मला कारखान्यात नेले आणि कापणीच्या टेबलावर ठेवले. कापडावर कागदी नमुने पसरले, की ते हलू नयेत म्हणून वर काहीतरी जड ठेवावे लागते. ते काम मला मिळाले. टेबलाच्या खणात ती अस्तराची पट्टीही होती. दिवस गेले, वर्षे गेली. माझ्यावर धुरळा आणि धागे साचले. सरांची दृष्टी पूर्ण गेली आणि ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले, असे तिने एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगितले.

मग कारखान्यात विजेवर चालणारे कापणीचे यंत्र आले. उघड्या तळहाताने ढकलायचे आणि रेघेवरून न्यायचे, एवढेच काम. कात्री खिळ्याला टांगली गेली. तिच्या हातावरचा घट्टा आधी मऊ झाला, मग दिसेनासा झाला. तिचे तिकडे लक्षही नसावे.

परवा जेवणाच्या सुट्टीत ती एकटी टेबलापाशी होती. धागा शोधायला तिने खण उघडला आणि ती पट्टी तिच्या हाती लागली. तिने पट्टीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला उचलून फुंकर मारली. पट्टी तीन बोटांखाली ठेवली, हात लांब केला, समोरच्या भिंतीवर कुठेतरी डोळे लावले आणि नसलेला चाप हळूच ओढला. डाव्या हाताने पट्टी खेचली.

पट्टी सुळकन निघाली.

ती जागची हलली नाही. पुन्हा पट्टी ठेवली, पुन्हा ओढला. निघाली. तिने डोळे मिटून करून पाहिले. घाईने करून पाहिले. दर वेळी निघाली. तिचा हात गाढ झोपला होता. ज्या झोपेसाठी तिने जिवाचे रान केले, ती अशी न बोलावता आली होती. पिस्तूल गेल्यावर, वय गेल्यावर, सर गेल्यावर. आणि मी तिच्या हातात सैल होते. ज्या खोलगट जागांत तिची बोटे रुतायची, तिथे आता काहीच पोचत नव्हते. भरलेली लांबी तिला टोचत होती. तिने बोटे थोडी सरकवून पाहिली, पण मी बसले नाही.

"आता?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते मला कळले नाही.

शेजारच्या टेबलावरची बाई डबा धुऊन परत आली. "काय गं ते हातात?"

"काही नाही," कटरबाई म्हणाली. "वजन आहे. कागद उडू नये म्हणून." आणि तिने मला पुन्हा नमुन्यावर ठेवून यंत्राचे बटण दाबले.

मित्रांनो, तुम्हीही कधी एखादी वस्तू आपल्या मापाची करून घ्याल. पेन असेल, बॅट असेल, बसायची खुर्ची असेल. तेव्हा आधी आपला हात कसा आहे, पाठ कशी आहे, ते कुणा जाणत्याला विचारा आणि त्याने खरे सांगितले तर रुसू नका. आम्ही वस्तू फार आज्ञाधारक असतो. तुम्ही जसे घासाल तशा आम्ही होतो आणि मग तशाच राहतो. तिचा हात ती चूक विसरून गेला. आता ती साऱ्या जगात फक्त माझ्या अंगावर उरली आहे, तिच्या बोटांच्या अचूक मापाने. खरवडून काढायची म्हटली तर अजूनही निघेल. पण खरवडणार कोण, आणि कुणाच्या हातासाठी?